गोष्टीतला विलन रडला, आता शेवट कोणता करायचा?

गॅदरिंगचं नाटुकलं असो का लहान मुलांच्या अंकासाठी गोष्ट असो, शेवटाला आलं की गाडी एकाच ठिकाणी अडकती, खलनायकाला पश्चात्ताप तर झाला, आता ह्याचं करायचं काय. ओळखीतल्या दोन-तीन जणींनी मला हेच विचारलं आणि मी स्वतः ह्यात कितीतरी दिवस अडकून होते, म्हणून जे कळलं ते एकदा नीट लिहिते, ज्यांना ठरवायचंय त्यांच्या कामी येईल.

आधी माझी गोष्ट सांगते. मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवते. गोष्ट दुष्काळाची आहे. गावच्या विहिरीत रोज टँकर रिकामा होतो, बाया-लेकरं घागरी घेऊन काठावर, आणि गावातला बापूराव रात्री विहिरीत गुपचूप मोटार सोडून तेच पाणी आपल्या मोसंबीला देतो. २०१२-१३ ला आमच्याकडं मोसंबीच्या बागा कशा वाळल्या, पोरासारखी वाढवलेली झाडं लोकांनी स्वतःच्या हातानं कशी तोडली, हे ज्यानं बघितलंय त्याला बापूरावचा जीव कुठं अडकलाय ते कळतं, तो काही राक्षस नाही. पण एका सकाळी तळाला गेलेलं पाणी शेंदताना सुमन नावाची पोरगी विहिरीत पडती, तिचा हात मोडतो, आणि बापूरावला रडू कोसळतं.

इथून पुढं मी तीन शेवट लिहिले. पहिल्यात पोलीस येतात, त्याला घेऊन जातात. दुसऱ्यात तो सगळ्यांसमोर हात जोडतो आणि गाव माफ करतं, सुमन पण. तिसऱ्यात तो स्वतःचा बोअर गावाला खुला करतो आणि मोसंबी वाळू देतो. तिन्ही शेवट वर्गात वाचून दाखवले, वेगवेगळ्या दिवशी.

शिक्षेचा शेवट बारक्या लेकरांना सगळ्यात जास्त आवडतो, हे खरंच आहे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पहिली-दुसरीच्या पोरांनी तर पोलीस पण पुरे नाहीत म्हणलं, त्यालाच विहिरीत टाका म्हणले. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९३२ च्या पुस्तकात हेच मांडलंय, की सहा-सात वर्षांच्या मुलांना जितकी कडक शिक्षा तितकी ती न्यायाची वाटते आणि अकरा-बारापर्यंत येता येता ती मुलं म्हणायला लागतात की ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून दे. म्हणजे तुमचा वाचक कोण ह्याच्यावरच अर्धा निर्णय होतो. पाच वर्षांच्या लेकराला जगात कुणीतरी मोठं माणूस वाईटाला अडवतंय एवढं दिसणं गरजेचं असतं, नाहीतर ते रात्री झोपत नाही.

पण हाच शेवट पाचवीला वाचला तर वर्ग गप्प झाला. एक पोरगा म्हणला, तो तर स्वतःहून सांगायलाय ना मॅडम, मग कशाला धरायलेत. मला हे लई लागलं, कारण वर्गात आपण काय करतो, काच कुणी फोडली खरं सांगा, मारणार नाही म्हणतो, आणि एखादं लेकरू उभं राहिलं की चार जणांसमोर त्याला बोलतोच. ज्या गोष्टीत कबूल करणाऱ्यालाच फटका बसतो त्या गोष्टीतून पोरं एवढंच शिकतात की तोंड उघडायचं नाही.

ह्यात एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा, पश्चात्ताप झालेला आणि न झालेला. सिंड्रेलाचीच गोष्ट घ्या. फ्रान्सच्या पेरोनं १६९७ ला लिहिली त्यात त्या दोघी बहिणी तिच्या पायावर पडून माफी मागतात, ती त्यांना उठवून जवळ घेती आणि पुढं दरबारातल्या दोन सरदारांशी त्यांची लग्नं पण लावून देती. जर्मनीच्या ग्रिम भावांच्या गोष्टीत, म्हणजे १८१९ च्या आवृत्तीपासून, लग्नाच्या दिवशी कबुतरं त्याच बहिणींचे डोळे फोडतात, जाताना एक आणि येताना दुसरा. वरवर बघितलं तर एक मऊ शेवट आणि एक कठोर शेवट. पण नीट वाचा, ग्रिमच्या बहिणी माफी मागायला आलेल्याच नाहीत, त्या सिंड्रेलाच्या सुखात वाटा मिळतो का बघायला आल्यात. म्हणून तिथं शिक्षा बसती. तोच शेवट पेरोच्या रडणाऱ्या बहिणींना लावला असता तर लेकरांच्या अंगावर काटा आला असता. तुमचा विलन कोणत्या पायरीवर उभाय ते आधी बघा, शेवट मग निवडा.

आता माफीचा. आपल्याकडं ह्याची परंपरा मोठी आहे आणि मराठवाड्याला तर ती घरातलीच. विसोबा चाटीची गोष्ट आजीनं सांगितली नाही असं घर आमच्याकडं सापडायचं नाही. ह्या माणसानं ज्ञानेश्वरांच्या भावंडांना इतका त्रास दिला की मुक्ताईला मांडे भाजायला कुंभारानं खापर देऊ नये म्हणून सांगून ठेवलं. मग ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली, मुक्ताईनं त्याच्यावर मांडे भाजले, विसोबानं ते बघितलं आणि जागेवर विरघळला, पाया पडला, त्यांच्या ताटातलं उष्टं खाल्लं. कुणी त्याला फटके दिले नाहीत. पुढं हाच विसोबा खेचर आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला नामदेवांचा गुरू झाला.

म्हणून मला वाटलं होतं माफीचाच शेवट घ्यावा, आपल्या मातीतला आहे. पण वर्गात तो वाचला आणि एका मुलीनं विचारलं, तो रडला, पण आमच्या घागरी भरल्या का? ‘आमच्या’ म्हणली ती, गोष्टीतल्या नाही. तिच्या घरी उन्हाळ्यात पहाटे चारला नंबर लावावा लागतो. त्या एका वाक्यानं माझा दुसरा शेवट संपला.

मग घरी येऊन मी विसोबाची गोष्ट परत मनात लावून बघितली तर कळलं की ती नुसत्या माफीची गोष्ट नाहीच. ज्यांना वाळीत टाकायला निघाला त्यांच्याच पायाशी तो बसला, त्यांचंच उष्टं खाल्लं, चार लोकांत जो मान होता तो सोडला, आणि मिळालेलं ज्ञान पुढच्याला दिलं. आपण लेकरांना सांगताना तेवढाच भाग पळवतो, पाया पडला आणि झालं. वाल्याच्या गोष्टीत पण मला हेच टोचतं. प्रत्येक खुनाचा एक खडा, असे सात रांजण भरले म्हणतात, पण त्यातल्या एका खड्याचं नाव गोष्टीत येत नाही. तप केवढं मोठं, अंगावर वारूळ चढेपर्यंत, ते मान्यच आहे, पण ज्यांचं माणूस गेलं त्या घरी काय झालं हे लेकरं विचारतात आणि आपल्याकडं उत्तर नसतं.

आणि माफीच्या शेवटाचा एक धोका आहे तो मोठ्यांना दिसत नाही. दारू पिऊन घरी मारझोड करणारं माणूस दुसऱ्या दिवशी रडतंच की, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतं. ज्या लेकरानं हे दहा वेळा बघितलंय त्याच्या हातात आपण अशी गोष्ट देतो की तो रडला म्हणून सगळ्यांनी त्याला जवळ घेतलं, तर त्या लेकराला आपण काय सांगायलोत? तू पण घे म्हणून? तुमच्या गोष्टीतल्या विलननं लहान मुलालाच इजा केली असेल तर त्या मुलाकडून माफी वदवून घेऊ नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. माझ्या दुसऱ्या शेवटात प्लास्टरमधला हात घेऊन सुमन हसती आणि ‘काका, रडू नका’ म्हणती. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं. आता वाचवत नाही.

राहिला भरपाईचा. ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला ऑस्कर वाइल्डच्या १८८८ च्या स्वार्थी राक्षसाच्या गोष्टीत दिसतं. पोरांना बागेतून हाकललं म्हणून बागेत हिवाळाच मुक्काम करून बसतो, म्हणजे सोसायचं ते तो आधीच सोसतो, आणि चूक कळल्यावर कुऱ्हाड घेऊन स्वतः बांधलेली भिंत स्वतः पाडतो. ज्या हातानं नुकसान केलं तोच हात दुरुस्ती करतो, हे लेकराला डोळ्यानं दिसतं, समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं अंगुलिमालाचं, म्हणजे माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा आणि बुद्ध भेटल्यावर बदललेला तो दरोडेखोर. आमच्याकडं अजिंठ्याला सहल जाती तेव्हा बसमध्ये मी ही गोष्ट हमखास सांगते. तो भिक्खू झाला, पकडायला आलेल्या प्रसेनजित राजानं त्याला धरलं नाही, उलट वस्त्र, भोजन सगळं देऊ केलं. शिक्षा नाही. पण तो श्रावस्तीत भिक्षेला गेला तर त्याला ढेकळं लागली, काठ्या लागल्या, दगड लागले, डोकं फुटलेलं, पात्र फुटलेलं, चीवर फाटलेलं असा परत आला, आणि बुद्धांनी सांगितलं, सहन कर. राजानं सोडलं म्हणून सगळं मिटलं असं ती गोष्ट म्हणत नाही. सहावी-सातवीच्या पुढच्या पोरांसाठी लिहित असाल तर हा नमुना समोर ठेवा. त्याच्याहून बारक्यांना ते रक्त झेपत नाही, बसमध्ये मी तेवढा भाग हळू आवाजात आणि थोडक्यात सांगते.

भरपाईच्या शेवटाला अडचण एकच, जागा लागती. शिक्षा दोन ओळीत होती, माफी एका ओळीत होती, भरपाई एका ओळीत लिहिली की ती खोटी वाटती. ‘मग बापूरावनं बोअर गावाला दिला आणि सगळे आनंदात राहिले’, हे माझं पहिलं वाक्य होतं आणि ते लेकरांना पटलंच नाही. तुमच्याकडं हजार शब्दच असतील तर विलनचे आधीचे कारनामे कापा पण शेवटाला जागा द्या. आणि भरपाई त्याला महाग पडली पाहिजे. श्रीमंत माणसानं पैसे टाकून मोकळं व्हायचं असा शेवट असेल तर त्यापेक्षा पोलीस आलेले बरे, लेकरांना ती लबाडी लगेच कळती.

म्हणजे मला विचाराल तर, वाचक सात वर्षांच्या आतला असेल तर छोटी का होईना शिक्षा दिसू द्या, विलनला खरा पश्चात्ताप नसेल तर नक्कीच द्या, आणि बाकी सगळीकडं भरपाई. नुसती माफी मी त्या गोष्टींसाठीच ठेवीन जिथं नुकसान बारीक आहे, भांडण दोन मित्रांचं आहे, कुणाची पेन्सिल गेलीय.

तिसरा शेवट मी तीन पानांचा केला आणि परत पाचवीला वाचला. सुमन त्यात बापूरावशी बोलत नाही, डाव्या हातानं घागर धरती आणि जाती. त्याच्यावर कुणी काही म्हणलं नाही. प्रश्न आले ते वेगळेच, पाईप किती इंची, बोअरला पाणी किती, झाडं किती वाळली. आणि मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणला, मॅडम, शेताला लाईट तर रात्रीची असती, मग ह्यानं सकाळी मोटार कशी चालू केली? बरोबर होतं त्याचं. आता त्या गोष्टीत बापूराव रोज रात्री दोनला उठतो, बॅटरी घेऊन बोअरवर जातो, आणि टाकी भरेपर्यंत तिथंच बसून राहतो.