नवस तोच, गाडी वेगळी

सप्टेंबर 2024 मध्ये प्रदर्शित झालेला सचिन पिळगांवकर यांचा ‘नवरा माझा नवसाचा 2’ मी महाविद्यालयातील मैत्रिणींबरोबर पाहिला. पहिल्या भागात गणपतीपुळ्याला निघालेली एसटी होती, येथे कोकण रेल्वे आहे, आणि माझ्या मते चित्रपटाची खरी अडचण याच बदलात आहे. कारण एसटीतले प्रवासी उतरेपर्यंत एकमेकांना खेटून भांडत आणि हसत राहतात, तर रेल्वेच्या डब्यांत तीच गंमत विखुरते. अशोक सराफ मात्र कंडक्टरऐवजी टीसी होऊन आले आणि त्यांच्या नुसत्या भुवई उंचावण्याने शेजारची मैत्रीण मांडीवरचे पॉपकॉर्न विसरून हसत सुटली. स्वप्नील जोशी आणि हेमल इंगळे मनापासून वावरतात. लांबी थोडी कमी हवी होती. तरीही सुट्टीत आईला घेऊन मी तो पुन्हा पाहिला.