पीसीएमच्या सिम्युलेशनसाठी जीमेश: फुकट, काटेकोर आणि जरा हट्टी

पीसीएम म्हणजे मेण, लॉरिक ॲसिड यांसारखे वितळताना उष्णता साठवणारे पदार्थ. ते वितळतानाचं सिम्युलेशन फसतं ते बऱ्याचदा मेशपाशी, म्हणजे भूमितीचे छोट्या सेलमध्ये तुकडे पाडण्यापाशी. एरवी सीएफडीत (प्रवाहाच्या संगणकी गणितात) भिंतीजवळ बारीक आणि मध्ये ऐसपैस सेल टाकून भागतं. इथे वितळण्याची सीमा तापलेल्या भिंतीपासून निघते आणि अख्ख्या पोकळीतून फिरते, त्यामुळे ऐसपैस सेल ठेवायला सुरक्षित कोपरा उरतच नाही. सगळीकडे बारीक, शक्यतो चौकोनी सेल हव्यात आणि तीच भूमिती दोन-तीन घनतांवर पटकन काढता यायला हवी. जीमेश हे मेश बनवणारं सॉफ्टवेअर हे काम उत्तम करतं, पण माउस बाजूला ठेवून स्क्रिप्ट लिहायची तयारी असेल तरच.

उदाहरणादाखल शोकूहमंद आणि कामकारी यांच्या २०१३ मधल्या प्रयोगाची पोकळी घेऊ: ५० मिमी रुंद, १२० मिमी उंच, एक उभी भिंत गरम, आत लॉरिक ॲसिड, वितळण्याची कक्षा ४३.५ ते ४८.२ अंश सेल्सिअस. रॅले क्रमांक (नैसर्गिक अभिसरणाचा जोर सांगणारा आकडा) दहाच्या आठव्या घाताच्या घरात जातो, म्हणजे गरम भिंतीलगतचा थर ढोबळमानाने एक मिलिमीटरचा. ०.५ मिमीच्या सेलने त्यात जेमतेम दोन सेल बसतात (एकूण २४,०००), ०.२५ मिमीने चार (एकूण ९६,०००). आतला भाग ०.५ वर ठेवून भिंतीकडे प्रोग्रेशनने (सेल ठरावीक गुणांकाने लहान करत नेणाऱ्या पर्यायाने) ०.१ मिमीपर्यंत उतरणं हा बरा सौदा. प्रोग्रेशनचा गुणांक १.०५ ते १.१ पुरे. तो कुठल्या टोकाकडे दाट होणार हे रेघेच्या दिशेवर ठरतं. उलटं झालं तर रेघेच्या क्रमांकापुढे उणे चिन्ह द्या. ट्रान्सफायनाइट कर्व्हला (रेघेवर किती बिंदू पडावेत हे ठरवणाऱ्या आज्ञेला) दिलेला आकडा बिंदूंचा असतो, सेलचा नव्हे: १०० सेल हव्यात तर १०१ लिहा.

जीमेशची खरी कमाई अशी की वर एक चल ठेवून सगळे आकडे त्यावर बांधता येतात. डिफाइनकॉन्स्टंटने चल जाहीर केला, की सेटनंबर पर्यायाने टर्मिनलवरूनच भरड, मध्यम आणि बारीक असे तीन मेश निघतात. ही चैन नाही. गॅलियमच्या वितळण्यावरचा गाऊ आणि विस्कांटा यांचा १९८६ चा प्रयोग घ्या. १९८८ साली ब्रेंट, व्होलर आणि रीड यांनी ४२ × ३२ च्या मेशवर त्याचं गणित केलं, तेव्हा द्रवात एकच मोठा भोवरा दिसला; पुढे बारीक मेशवर एकावर एक अनेक भोवरे निघाले. म्हणून तुलना करताना वितळलेल्या भागाच्या टक्केवारीवर थांबू नका, सीमेची वक्ररेषा एकमेकींवर टाकून पाहा. टक्केवारी जुळते आणि आकार भलताच निघतो, असं सर्रास होतं.

मेश ओपनफोमकडे, म्हणजे प्रत्यक्ष गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, नेतानाचे खड्डे ठरलेले आहेत. द्विमितीय केसलाही एका सेलची जाडी लागते: एक्सट्रूड करताना (आकृती तिसऱ्या दिशेला ओढताना) लेयर्स १ आणि रिकम्बाइन दोन्ही लिहा. फिजिकल सर्फेस (पृष्ठांचे नाव दिलेले गट) दिले आणि फिजिकल व्हॉल्यूम (घनभागांचे गट) विसरलात तर फाइलमध्ये घनसेल जातच नाहीत, कारण एकही फिजिकल गट असला की जीमेश फक्त गटातलंच लिहितं. फाइल जुन्या एमएसएच २ स्वरूपात काढा, म्हणजे जीमेशटूफोम हा रूपांतर करणारा प्रोग्राम कुरकुर करत नाही. नंतर बाउंडरी फाइलमध्ये पुढचा-मागचा पृष्ठभाग एम्प्टी आणि भिंती वॉल असं हातानेच करावं लागतं. एककं जीमेशला ठाऊक नसतात. मिमीत काढलं असेल तर ट्रान्सफॉर्मपॉइंट्सने ०.००१ ने गुणा, नाहीतर १२० मीटर उंच टाकीचं गणित सुरू होईल आणि कोणी टोकणार नाही.

ॲल्युमिनियमच्या फिन (उष्णता आत पोचवणाऱ्या पट्ट्या) घातल्या की सगळ्यात घातक चूक येते. फिन आणि पीसीएम वेगवेगळे काढून शेजारी ठेवले आणि बूलियनफ्रॅगमेंट्स (सामाईक पृष्ठभाग एकच करणारी आज्ञा) चालवलं नाही, तर सामाईक पृष्ठभाग दोनदा बनतो. ते पृष्ठ डिफॉल्टफेसेसमध्ये (कुठल्याच गटात नसलेल्या पृष्ठांत) जाऊन पडतात आणि फिन चक्क उष्णतारोधक होते. गणित मात्र बिनबोभाट चालतं. चेकमेशमध्ये (ओपनफोमच्या मेश-तपासणीत) भाग २ असल्याचा इशारा दिसला तर समजा हेच घडलंय. फ्रॅगमेंट्सनंतर पृष्ठांचे क्रमांक बदलू शकतात, म्हणून गट क्रमांकाने न देता बाउंडिंगबॉक्सने (जागेच्या निर्देशांकांनी) पकडा. मल्टिरीजनसाठी (फिन आणि पीसीएमचं गणित वेगवेगळ्या भागांत करायला) तोडायचं असेल तर फिजिकल व्हॉल्यूमची नावंच पुढे सेलझोन (सेलचे नाव दिलेले गट) होतात, ती नीट ठेवा. फिनच्या जाडीत दोन-तीन सेल पुरतात. बारकावा हवा तो तिच्या लगतच्या पीसीएममध्ये, कारण तिथे वाहकता हजारपट घसरते.

अर्धी भूमिती कापून वेळ वाचवायची तर काप गुरुत्वाकर्षणाच्या दिशेला समांतर असलेल्या उभ्या प्रतलातच घ्या. आडव्या नळीभोवतीचं पीसीएम वरखाली अर्धं केलं तर नैसर्गिक अभिसरणच मोडतं. पॅराफिन वितळताना आकारमान साधारण १० टक्क्यांवर वाढतं. हवेची जागा धरायची असेल तर ती भूमितीतच काढा, मागाहून घुसवता येत नाही.

आता तक्रारी. ग्राफिक खिडकी गैरसोयीची आहे, अन्डू नाही, शेवटची आज्ञा पुसण्यापुरती सोय आहे. त्रिमितीत मनासारखी षटफलकी सेल फक्त ट्रान्सफायनाइट किंवा एक्सट्रूडनेच मिळते. गोल कॅप्सूलचे तुकडे हाताने पाडावे लागतात, नाहीतर टेट्राहेड्रा (चतुष्फलकी सेल) पत्करा. त्यात नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (सेलच्या तिरकेपणाचा कोन) ७० अंशांवर गेली तर सीमेजवळ खोटे वेग दिसू लागतात. भिंतीलगत पातळ थर काढणारं जीमेशचं फील्ड द्विमितीत ठीक, त्रिमितीत त्यावर विसंबू नका. आणि साधा आयतच असेल तर ओपनफोमच्याच ब्लॉकमेशच्या मोजक्या ओळींत काम होतं, जीमेश उघडायचीही गरज नाही.