ईव्हीची रोडसाइड असिस्टन्स, नागठाण्याजवळ चार्ज संपला तेव्हाचा अनुभव (२.५/५)

गाडी घेताना शोरूमवाल्यांनी जो रोडसाइड असिस्टन्सचा प्लॅन दिला होता त्याचा हा रिव्ह्यू. इलेक्ट्रिक गाडी मधेच डाउन झाली तर कोण येतं, कसं नेतात, हे बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. स्टार अडीच देतोय, आणि फ्लॅटबेड (गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक) घेऊन आलेले दादा नसते तर एकच दिला असता.

सांगलीहून सातारला मावसबहिणीच्या साखरपुड्याला निघालो होतो. गाडीत आई, बायको, पोरगी आणि डिकीत आहेराचं सामान. गाडी ३० किलोवॅट अवरच्या बॅटरीची, जुनी, सांगली-मिरज करायला एक नंबर. रात्री लाईट गेली म्हणून फुल चार्ज झाली नव्हती पण कराडला फास्ट चार्जर आहे, ॲपवर अव्हेलेबल दाखवत होता, तिथं चहा-नाष्टा होईपर्यंत लावू असं ठरलं होतं. तिथं पोचलो तर मशिनची स्क्रीन चालू, चार्जरची गन (गाडीला जोडायची पिन) लावली की गाडी कनेक्ट होते, आणि लगेच एरर येऊन बंद. वॉचमन म्हणाला, "लय दिवस झालं असंच हाय, येत्यात आन जात्यात." ॲपवर हिरवं चिन्ह तरीपण कायम.

बॅटरी २५ टक्के, गाडी रेंज दाखवत होती ५२, आणि पुढचा चार्जर सातारच्या अलीकडं, ४५ च्या आत. हिशोब बसत होता. पण रेंजचा तो आकडा गाडी मागच्या काही किलोमीटरवरून काढते, पुढं काय वाढून ठेवलंय ते तिला माहीत नसतं. आम्हाला उंब्रजपासून धो धो पाऊस, समोरून वारा, काचेवर वाफ धरते म्हणून एसी बंद करता येत नाही, आणि कराडकडून साताऱ्याकडं रस्ता तसा हळूहळू चढतच जातो, डोळ्याला कळत नाही पण बॅटरीला बरोबर कळतं. काशीळ सोडलं आणि टक्के भराभर उतरायला लागले. अतीतच्या पुढं डॅशबोर्डवर कासवाचं चिन्ह आलं, म्हणजे चार्ज संपत आला म्हणून गाडीनं ताकद कमी केली, ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी पळेना, नागठाण्याच्या अलीकडं कशीबशी सर्व्हिस रोडला घेतली आणि तिथं बंद पडली. सहापदरीचं काम चालू असल्यामुळं तिथं बाजूला घ्यायला धड जागा पण नाही, ट्रक अगदी चिकटून जात होते, आईला आणि पोरीला आधी उतरवून पलीकडच्या टपरीत बसवलं.

आता सर्व्हिसबद्दल. हेल्पलाइनचा फोन लगेच उचलला, हे चांगलं. पण गाडीचा नंबर सांगून झाल्यावर पण पेट्रोल का डिझेल विचारतात, टायर पंक्चर आहे का विचारतात. मी दोनदोनदा सांगितलं की इलेक्ट्रिक आहे, चार्ज संपलाय, फ्लॅटबेडच पाठवा. ओके सर म्हणाले, लोकेशनची लिंक पाठवली, आणि तासाभरानं आली काय तर हुक आणि दोरी असलेली क्रेन, टोचन करून न्यायला. मी नाही म्हणालो. आमच्या गाडीची मोटर पुढच्या चाकांवर आहे, चाकं रस्त्यावर फिरवत ओढलं की मोटर जनरेटरसारखी फिरते आणि वीज तयार करायला लागते, त्यात मोटर नाहीतर कंट्रोलर जाऊ शकतो. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. क्रेनवाला बिचारा सज्जन, म्हणाला, "दादा, मला नुसतं गाडी बंद पडलीया एवढंच सांगितलं." तो परत गेला आणि ॲपवर माझी कम्प्लेंट 'ग्राहकाने रद्द केली' म्हणून बंद! परत फोन, परत पहिल्यापासून सगळं. पावसात रस्त्यावर कुटुंब घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे असं करायचं नसतं. याचा मला खरंच राग आला आणि अजून आहे.

मधल्या वेळेत १०३३ ला फोन केला, ही नॅशनल हायवेची हेल्पलाइन, सगळ्यांनी नंबर सेव्ह करून ठेवा. त्यांची पेट्रोलिंगची गाडी येऊन मागं शंकू लावून गेली, त्यामुळं जिवात जीव आला. 

मग फ्लॅटबेड आली, साताऱ्याची. या दादांचं काम बघून घ्यावं असं. उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "बारा व्होल्टची बॅटरी जिती हाय न्हवं? मग काळजी नको." कारण मोठी बॅटरी संपली तरी हँडब्रेक सोडायला आणि न्यूट्रलला टाकायला ही छोटी लागते, ती पण उतरली तर गाडी जागची हलवायची पंचाईत. म्हणून अशा वेळी गाणी, आतले लाईट, मोबाईल चार्जिंग सगळं बंद ठेवायचं, फक्त हॅझर्डचे लुकलुकणारे लाईट चालू. मग त्यांनी बंपरवरची छोटी टोपी काढली, आमच्याच टूलकिटमधला हुक तिथं आट्यावर बसवला, आणि विंच (गाडी वर ओढून घ्यायचं यंत्र) लावायच्या आधी चिखलात गुडघे टेकून गाडीच्या खाली टॉर्च मारून बघितलं, कारण ईव्हीची बॅटरी पोटाखालीच असते आणि रॅम्पची कड तिला घासली तर मोठं नुकसान. एका बाजूला कड जवळ येत होती तर चाकाखाली फळ्या घातल्या, मग इंच इंच वर घेतली. पट्टे पण टायरवरून आवळले, खाली कशालाही बांधलं नाही. हे सगळं पावसात, आणि आईला सारखं "काकी, भिजू नका, तुमी गाडीत बसा वर" चाललेलं.

सगळ्यात महत्त्वाचं पुढंच आहे. प्लॅनमध्ये 'जवळच्या चार्जिंग स्टेशनपर्यंत' नेतात. त्यांच्या सिस्टिममध्ये जवळचं म्हणून आलं ते कराडचं, तेच बंद पडलेलं! फोनवरचा माणूस तिथंच सोडणार म्हणून अडून बसला. शेवटी दादांनीच फोन घेतला आणि सांगितलं की ते मशिन बंद आहे, मी परवाच तिथनं एक गाडी उचललीय, सातारच्या हॉटेलातलं चालू आहे, तिकडं नेतो. तेव्हा कुठं मान्य झालं. म्हणजे कुठला चार्जर जिवंत आहे ते कंपनीच्या ॲपला माहीत नाही, सिस्टिमला नाही, पण फ्लॅटबेडच्या ड्रायव्हरला माहीत. ही माहिती कंपनीनं रोज या लोकांकडनं घेतली तर अर्धे लोक रस्त्यात अडकणारच नाहीत. 

सातारला गन लावल्यावर सुरुवातीला करंट कमी घेत होती, एवढी खाली गेलेली बॅटरी आधी हळूच चार्ज होते, घाबरायचं कारण नाही. शून्य दाखवलं तरी आत थोडी राखीव असते त्यामुळं एकदा असं झालं म्हणून बॅटरी खराब होत नाही, फक्त त्या अवस्थेत गाडी दिवसेंदिवस उभी ठेवायची नाही. साखरपुडा आमच्याशिवाय झाला, आईनं ओल्या लुगड्यानंच जाऊन मावसबहिणीची ओटी भरली.

पैसे काही लागले नाहीत, प्लॅनमध्येच बसलं. मी कंपनीला मेल केलाय: ईव्हीच्या फोनला पहिल्याच वेळी फ्लॅटबेड पाठवा, कम्प्लेंट ग्राहकाला न विचारता बंद करू नका, आणि 'जवळचं' ऐवजी 'चालू असलेलं जवळचं' असं प्लॅनमध्ये लिहा. उत्तर आलं की इथंच अपडेट टाकतो. रिन्यू करताय तर सही करायच्या आधी या तीन गोष्टी त्यांच्याकडनं लेखी मागा, आणि सातारा-कराड पट्ट्यात असाल तर तिथल्या फ्लॅटबेडवाल्याचा नंबर स्वतःजवळ ठेवा.