चांदी घासायला डायटम माती की चुनखडीची पूड?

गौरीपूजेआधी मावशीनं विचारलं, निरांजनं कशानं उजळायची?

आधी कठीणपणा बघू. मोहस मापनावर (आकडा जितका मोठा, तितका पदार्थ कठीण) चांदी 2.5 ते 3, चुनखडीतलं कॅल्साइट 3, म्हणजे जवळपास बरोबरीचं. डायटम माती म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या सिलिकाच्या कवचांची पूड. ती साधारण 5.5 ते 6.5. मग ती चांदी ओरबाडून काढेल? तितकी नाही. कवचं पोकळ, जाळीदार असतात आणि दाबाखाली चुरतात, त्यामुळे घासणं बरंच सौम्य होतं. तरी चांदीपेक्षा कठीण ती कठीणच. आरशासारख्या पृष्ठभागावर बारीक रेषा उमटू शकतात.

शोषून घेण्यात मात्र डायटम मातीला तोड नाही. नोबेलनं 1867 मध्ये पेटंट घेतलेल्या डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन हे द्रव स्फोटक हिच्यातच मुरवलं होतं. तेलकट समईला हा गुण कामाचा.

धुळीबाबत मी हट्टी आहे: भट्टीत भाजलेली डायटम माती घरात नकोच. भाजल्यावर तिच्यात क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकाचं स्फटिकरूप, तयार होतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. न भाजलेलीसुद्धा ओली करूनच वापरावी.

मुलामा दिलेली किंवा नक्षीची चांदी असेल तर बारीक चाळलेली चुनखडी, तीही हलक्या हातानं. पितळेच्या राप चढलेल्या समया, तांब्याचे हंडे यांना डायटम माती.