लाकडी किरोगीसोबतचे दहा महिने

गेल्या ऑक्टोबरात सोलच्या इन्सादोंगमधून लाकडी किरोगी आणला. किरोगी म्हणजे रानहंस, कोरियन लग्नात लागतो तो. दुकानांत दर्शनी मांडलेल्या असतात त्या मात्र लग्नातल्याच रंगीत बदकांच्या जोड्या. मी सावंतवाडीची, चकचकीत लाकडी खेळण्यांत वाढलेली, त्यामुळे हात आधी तिकडेच गेला. पण त्यातल्या मादीच्या चोचीला दोरा गुंडाळला होता. बायकोने तोंड आवरावं असा त्याचा अर्थ सांगतात. मला ते मुळीच रुचलं नाही. आतल्या फळीवर हा साधा, एकटाच होता, तोच घेतला.

एकटा म्हणजे जोडी फुटलेली नव्हे. जुन्या कोरियन लग्नात नवरदेव मुलीच्या घरी बहुधा एकच हंस न्यायचा. आधी जिवंत, पुढे लाकडी. तो मेजावर ठेवून नवरदेव दोनदा वाकून नमस्कार करतो. या विधीला चॉनाल्ल्ये म्हणतात. रानहंस जोडीदार मेल्यावरही दुसरा शोधत नाही, ही त्यामागची श्रद्धा. काही ठिकाणी हंस खोलीत टाकून बघायचे: उभा राहिला तर पहिला मुलगा, कलंडला तर मुलगी.

माझ्या किरोगीचं धड ओबडधोबड आहे, पटाशीचे घाव बोटांना लागतात. चोच आणि मान मात्र घासून इतकी मऊ की हात निघत नाही. असं का, ते मे महिन्यात कळलं. ऑफिसातल्या मैत्रिणीने लग्नासाठी तो मागून नेला. धड लाल-निळ्या कापडात गुंडाळलं, बाहेर राहिली फक्त मान! जिथे नजर जाणार तिथेच कारागिराने जीव ओतला होता. नवरदेवाने तो दोन्ही हातांनी मेजावर ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता तक्रार. दुकानदाराने शंभर वर्षांचा म्हणून विकला, तसे पैसेही घेतले. मान धडातल्या खाचेत नुसती बसवलेली असते; घरी ती उपसून पाहिली तर खाचेत कोरं पांढरं लाकूड, जुनाटपणाचा रंग फक्त वरून फासलेला. फसवणूक ती फसवणूकच, मला अजून राग आहे. घेणार असाल तर दुकानातच मान काढून आत बघा. नवा म्हणून विकला असता तरी मी आनंदाने घेतला असता.

जपणुकीचं म्हणाल तर इथली, म्हणजे कोरियातली घरं जमिनीखालून तापवतात, त्याला ओन्दोल म्हणतात. मी तो खालच्या फळीवर ठेवला होता. जानेवारीत मान खाचेत खुळखुळायला लागली, शेपटीकडे केसाएवढी चीर गेली. गोंद लावणार होते, पण थांबले ते बरं झालं. जुलैच्या पावसात लाकूड फुगलं आणि मान आपोआप घट्ट बसली. चीर राहिली. आता तो वरच्या फळीवर असतो, आणि उचलताना मी मानेला न धरता धडाखाली हात घालते.