पाण्यात बुडवून दाखवणारं वायंडिंगचं दुकान

लातूर–अंबाजोगाई रस्त्यालगत एक पत्र्याचं शेड आहे. बोर्डावर 'मोटार वायंडिंग' एवढंच, तेही उन्हाने पुसट झालेलं. 'शंभर टक्के तांबं', 'एक वर्ष गॅरंटी' असलं काही रंगवलेलं नाही. गॅरंटीचं विचारलं की मिस्त्री कोपऱ्यातल्या सिमेंटच्या हौदाकडे बोट दाखवतात.

नवं वायंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या वायरीची गुंडाळी, केलेली सबमर्सिबल (बोअरच्या पाण्यात बुडून चालणारी मोटार) या हौदात रात्रभर बुडवून ठेवतात आणि सकाळी गिऱ्हाइकासमोरच मेगर, म्हणजे वायरीच्या वेष्टनाचा रोध मेगाओममध्ये मोजणारं मीटर, लावतात. एक टोक केबलच्या वायरीला, दुसरं बॉडीला, ५०० व्होल्टवर. कोरड्या मोटारीला मेगर लावून 'ओके' म्हणणारे पायलीला पन्नास मिळतील. पण स्लॉटच्या (वायर बसते त्या खाचेच्या) तोंडाशी वायर ओढताना प्लॅस्टिकच्या वेष्टनाला टाचणीएवढी चीर पडली असेल, तर ती कोरड्यात कळत नाही. चिरेतून पाणी तांब्याला लागलं की मगच रीडिंग कोसळतं. इथे २० मेगाओमच्या खाली आलं तर मोटार परत उघडतात, जादा पैसे न घेता.

त्याहून मोलाचं काम मात्र त्याच्या आधीचं. जळालेला स्टेटर (मोटारीचा वायंडिंग असलेला, न फिरणारा भाग) उघडल्यावर कारण बघितल्याशिवाय जुनी वायर काढत नाहीत. आतून स्टार जोडणी (तिन्ही फेजच्या कॉइलींचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) असलेल्या मोटारीत दोन फेजच्या कॉइली वितळून चिकटलेल्या आणि तिसरी नवी कोरी दिसली, तर एक फेज गेला होता हे नक्की. अशा वेळी डीपीचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट आणि फेज गेला की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर बघा, असं सांगून ठेवतात, कारण ते तसंच राहिलं तर नवं वायंडिंगही आठवड्यात जाणार. तिन्ही फेज सारख्याच गेल्या असतील तर व्होल्टेज कमी, ओव्हरलोड किंवा बोअरचं पाणी तुटलेलं. रात्रीच्या लाइनला ऑटो स्विच (लाइन आली की मोटार आपोआप सुरू करणारा) लावून झोपायचं आणि उन्हाळ्यात बोअर तासाभरात आटायचा, आपल्याकडे यातच किती मोटारी जातात! दोष मात्र वायंडिंगवाल्याला.

जुन्या कॉइलचे वेढे मोजतात, वेष्टन सोलून तांब्याची जाडी मायक्रोमीटरने घेतात. बारीक वायर घातली की मोटार तापते, वेढे कमी केले की रिकामी चालतानाच अँपिअर जास्त ओढते. वायरीच्या रिळावर आयएस ८७८३ (सबमर्सिबलच्या वायरीचं भारतीय मानक) आहे का, हे मागितलं तर दाखवतात. जुनं तांबं समोर काट्यावर टाकून त्याची किंमत बिलातून वजा होते.

खालचा रबरी डायफ्रॅम (पडदा) आणि उभा भार पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगचं कार्बन तपासल्याशिवाय मोटार बंद करत नाहीत. डायफ्रॅम फाटला की बोअरची रेती आत जाऊन कार्बन खरवडते. स्वच्छ पाणी भरून मोटार हलवतात, बुडबुडे निघू देतात, थोड्या वेळाने पुन्हा काठोकाठ भरतात. आतलं पाणीच मोटारीला थंड ठेवतं आणि तेच बेअरिंगचं वंगण, त्यामुळे हवा राहिली तर बेअरिंग कोरडं घासतं.

बसवताना त्यांचा माणूस येत नाही, पण एक चाचणी शिकवून पाठवतात. मोटार सुरू करून वायरीभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने तिन्ही वायरींचे अँपिअर घ्यायचे. एकीत फरक दिसला तर मेन स्विच पाडून स्टार्टरमधून मोटारीकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी एकेक घर (टर्मिनल) पुढे सरकवायच्या. तिन्ही एकदम सरकवल्याने फिरण्याची दिशा बदलत नाही. आता जास्तीचा करंट आधीच्याच स्टार्टरच्या घरावर राहिला तर दोष लाइनचा. वायरीबरोबर पुढच्या घरात गेला तर केबल किंवा मोटारीत गडबड, मग खुशाल त्यांच्याकडे परत न्या. स्वतःचं काम पकडून देणारी चाचणी स्वतःच शिकवणारा मिस्त्री विरळाच.

त्रासही आहे. फोन उचलत नाहीत. रबीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर रांग लागते, तेव्हा चार-पाच दिवस धरूनच चाला. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. फेज जाऊन जळालेली मोटार फुकट भरून देत नाहीत, त्यावर हुज्जत घालू नका. केबलचा जॉइंट आपल्यालाच करावा लागतो, टेप आणि स्लीव्ह सोबत न्या.