वर्किंग ड्रॉइंगवर बांधलेलं घर : दहा महिने आणि एक पावसाळा राहिल्यानंतर

पुण्याजवळचं तळमजला अधिक एक असं घर, सुमारे १५०० चौरस फूट. पहिल्या स्केचपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंतचं सगळं काम आर्किटेक्टकडे होतं. सर्वात जास्त उपयोग झाला तो वर्किंग ड्रॉइंगच्या संचाचा, म्हणजे साइटवर बांधण्यासाठी मापांसकट काढलेल्या नकाशांचा. थ्रीडी चित्रं रंग ठरवण्यापुरती कामाला आली.

मंजुरीचा नकाशा क्षेत्रफळ, सामासिक अंतरं (घराभोवती सोडायची मोकळी जागा) आणि एफएसआय (प्लॉटच्या मानाने बांधकामाचं प्रमाण) दाखवण्यासाठी असतो. बरेच जण तोच ठेकेदाराच्या हातात देतात. मग खिडकीची उंची गवंडी ठरवतो आणि स्विचबोर्डची जागा वायरमन. इथे १:५० चे प्लॅन, प्रत्येक भिंतीचं एलिव्हेशन (समोरून दिसणारं चित्र) आणि जिना, खिडकी, बाथरूम यांचे मोठ्या मापातले डिटेल मिळाले. स्केचमध्येच पलंग, कपाट मापाने काढलेले होते. १०×१२ फुटांच्या खोलीत ६×६.५ चा पलंग १० फुटी भिंतीला लावला, समोर २ फूट खोल कपाट ठेवलं, तरी मध्ये साडेतीन फूट वाट उरते. पंख्याचे बॉक्स आणि कंड्युट (वायरींचे पाइप) स्लॅबमध्ये जातात, त्यामुळे हे फर्निचर स्लॅबच्या आधीच ठरावं लागतं.

जिन्याचं उदाहरण तर प्रत्येकाने बघावं. मजल्याची उंची ३१५० मिमी, १८ पायऱ्या, म्हणजे प्रत्येकी १७५. खोलीत फरशीची जाडी मसाल्यासकट ६५, पायरीवर ग्रॅनाइटची ४०. काँक्रीटच्या पायऱ्या सरसकट १७५ च्या ओतल्या असत्या, तर फरशी बसल्यावर पहिली पायरी १५० आणि शेवटची २०० झाली असती. अशा जिन्यावर माणूस हमखास अडखळतो. ड्रॉइंगमध्ये काँक्रीटची लेव्हल आणि तयार लेव्हल वेगळ्या लिहिल्या होत्या. पहिली पायरी २००, शेवटची १५० अशी ओतली आणि फरशीनंतर सगळ्या १७५ च्या झाल्या.

पावसाळ्याने खिडक्यांची परीक्षा घेतली. डिटेल साधं आहे: खालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला बाहेर उतार, पट्टी प्लास्टरच्या ४० मिमी पुढे आणि तिच्या पोटात कडेला समांतर एक खाच. पट्टीच्या खालून भिंतीकडे सरकणारं पाणी त्या खाचेशी अडतं आणि तिथूनच गळून पडतं. पश्चिमेच्या एका खिडकीला खाच मारायची राहून गेली. त्याच खिडकीखाली आता काळे ओघळ आहेत आणि आतला रंग फुगलाय. बाकीच्या कोरड्या.

खरी तक्रार वरच्या बाथरूमची. प्लंबिंग लेआउट स्लॅब पडल्यावर आला. स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये संक, म्हणजे बाथरूमचा स्लॅब बाकीच्यापेक्षा जितका खाली ओततात ते अंतर, २०० मिमी होता. नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड), पाइपचा उतार, वॉटरप्रूफिंग आणि लादी मिळून तो पुरला नाही. खोली आणि बाथरूममध्ये २० मिमीचा फरक हवा होता, उरला जेमतेम ५. आंघोळीचं पाणी दाराबाहेर येतं. उंबऱ्याला ग्रॅनाइटची पट्टी लावून भागवलं, पण ती पायाला लागते. सेंट्रिंग (स्लॅबचा साचा) सुरू व्हायच्या आत स्ट्रक्चरल आणि प्लंबिंग ही दोन्ही ड्रॉइंग एकावर एक ठेवून तपासली गेली पाहिजेत. हे काम आर्किटेक्टचंच आहे.

साइटवरच्या भेटी किती, हे करारात आकड्याने लिहून घ्या. लाइनआउट (जमिनीवरची आखणी), फुटिंग (कॉलमचा पाया) आणि प्रत्येक स्लॅबचं स्टील तपासल्याशिवाय काँक्रीट नको. कव्हर ब्लॉक (सळई काँक्रीटच्या कडेपासून आत ठेवणारे ठोकळे) स्लॅबला २०, कॉलमला ४०, फुटिंगला ५० मिमी. इथे ते प्रत्येक वेळी मोजले गेले. सुधारित ड्रॉइंग आलं की जुनी प्रत साइटवरून काढून घ्या, नाहीतर सुतार जुन्याच मापाने चौकट करतो.

भिंतीतल्या पाइप आणि वायरिंगचं शेवटचं, जसं बांधलं तसं ड्रॉइंग मात्र मिळालं नाही. ते आधीच मागा, आणि प्लास्टरपूर्वी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. गीझरच्या भिंतीत ड्रिल मारायची वेळ आली की तोच फोटो उघडावा लागतो.